विद्यापीठामार्फत

दिपालीचे आबा, म्हणजे बिभीषण सरगर, यांना सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात ओळखत नाही असा मेंढरांचा व्यापारी शोधूनही सापडला नसता. ओळखायचे ते कौतुकानं कमी आणि वैतागानं जास्त. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांनी हात हातात द्यायचे, वर उपरणं टाकायचं आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे शेजारच्याला पत्ता लागत नाही. आबांनी एकदा उपरण्याखाली हात घातला की समोरच्याचा दिवस गेलाच म्हणून समजा. बोटं दाबायचे, हात काढून घ्यायचे, उठून चालू लागायचे, बिरोबाची शपथ घालायचे, पुन्हा येऊन बसायचे. शंभर रुपयांसाठी हा माणूस दीड तास उन्हात उभा राही, आणि ते शंभर मिळाले की त्यातल्याच पन्नासाचा चहा समोरच्याला पाजी.

घरी परतताना जीपमध्ये त्या सौद्याची सगळी हकीकत व्हायची. कोण काय म्हणाला, कुणाचा चेहरा कसा पडला, कुठं बोट सोडलं. दिपाली लहानपणी प्रत्येक रविवारी हट्टानं बरोबर जायची आणि ती हकीकत तोंड उघडं टाकून ऐकायची. आपल्या बापासारखा हुशार माणूस पंचक्रोशीत नाही, याबद्दल तिला तेव्हा तिळमात्र शंका नव्हती.

सरगरांच्या घरात एक रीत होती. पोरगं असो की पोरगी, बारशाच्या दिवशी त्याच्या नावानं कळपात एक मेंढी सोडायची. ती मेंढी त्या लेकराची, तिची पिल्लं लेकराची, त्यांची पिल्लंही त्याचीच. पोरीची मेंढरं लग्नानंतर पोरीबरोबर सासरी जायची. त्यामुळे ह्या घरातल्या पोरी सासरी गेल्या तरी कुणाच्या मिंध्या नसत. दुष्काळात निम्मा कळप गेला, रोगात काही गेली, तरी दिपालीच्या नावची नऊ मेंढरं उरली होती, आणि तिच्या धाकट्या बहिणीच्या, सृष्टीच्या नावची सात.

दिपाली सोलापुरात शिकायला गेली ती भीमातीर विद्यापीठात. हे खासगी विद्यापीठ. भीमा तिथून बरीच लांब आहे, पण नाव ठेवणाऱ्याला नदी आवडली असावी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला नोटीस लागली की प्रत्येक विद्यार्थ्याकडे स्वतःचा लॅपटॉप असावा, आणि विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी विद्यापीठामार्फत तो विद्यार्थी दरात उपलब्ध करून देण्यात येत आहे. किंमत अठ्ठावन्न हजार. सोबत बॅग, सॉफ्टवेअर आणि तीन वर्षांची हमी.

दिपालीनं ही नोटीस फोनवर वाचून दाखवली तेव्हा आबांनी मधला एकच शब्द धरला. विद्यापीठामार्फत. आता ह्यात हसण्यासारखं काही नाही. त्यांच्या उभ्या आयुष्यात मार्फत आलेली वस्तू नेहमी स्वस्तच आली होती. पंचायत समितीमार्फत बियाणं, सोसायटीमार्फत खत, जनावरांच्या दवाखान्यामार्फत लस. बाजारात शंभराला मिळणारी गोष्ट मार्फत आली की साठाला. मग विद्यापीठामार्फत अठ्ठावन्न म्हणजे बाहेर ऐंशी तरी असणार, असा त्यांनी हिशेब केला. दिपालीनंही तोच केला. दुसरीकडे चौकशी करावी हे त्या घरात कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

"माझ्याकडं रोख तर न्हाय," आबा म्हणाले. "तुजी नऊ मेंढरं काडावी लागत्याल. काय म्हन्तीस?"

"काडा," दिपाली म्हणाली. मेंढरांचं तिला आता फारसं काही वाटत नव्हतं. हॉस्टेलवर राहायला लागल्यापासून अंगाचा लोकरीचा वास जावा म्हणून ती दिवसातून दोनदा आंघोळ करत होती.

रविवारी नऊच्या नऊंचा सौदा झाला. त्या दिवशी आबांनी एका व्यापाऱ्याला दुपारपर्यंत रडवलं आणि बरोबर अठ्ठावन्न हजार पाचशे आणले. वरचे पाचशे सोलापूरला जायच्या खर्चाला.

पैसे भरायच्या दिवशी सकाळी दिपालीची खोलीतली मैत्रीण दानेश्वरी कपड्यांना इस्त्री करत होती. ही अक्कलकोटची, घरचं किराणा दुकान. तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय ह्यांच्या घरात खडीसाखरसुद्धा येत नाही. तिनं आदल्या दिवशी नवी पेठेत जाऊन चौकशी केली होती.

"अय्यो, तू भरू नकोस हं," ती म्हणाली. "तोच लॅपटॉप, तेच मॉडेल, बाहेर चव्वेचाळीसला आहे. सॉफ्टवेअर तो फुकट टाकून देतो. मी सरांनापण विचारलं. ते म्हणाले, बाहेरून घेतलात तरी चालेल, सक्ती कुठाय? मी तर बाहेरूनच घेणार."

चौदा हजार. दिपाली मेंढपाळाची पोर होती, तिला चौदा हजारांचा अर्थ लगेच कळला. दोन चांगल्या माद्या. दोन माद्या मागं राहिल्या असत्या तर तिच्या नावचा कळप पुन्हा उभा राहिला असता. व्यापाऱ्यानं अजून मेंढरं गाडीत घातली नव्हती. बुधवारी नेणार होता, आणि आज सोमवार. आबा आजच्या आज परत गेले असते तर दोन माद्या मागून घेता आल्या असत्या. व्यापाऱ्यानं शिव्या घातल्या असत्या, पण दिल्या असत्या.

"आबा आले की सांगते," ती म्हणाली.

आबा आले ते थेट विद्यापीठाच्या फाटकावर. धोतर, बंडी, तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं आणि त्यावर उपरणं. रखवालदारानं त्यांना कुठं जायचं असं दोनदा विचारलं होतं. दिपाली त्यांना घेऊन फी भरायच्या हॉलमध्ये गेली. तिथं थंडगार हवा, गुळगुळीत फरशी आणि रांगेत पोरं-पोरी आपापल्या आईवडिलांबरोबर उभ्या. बहुतेकांचे वडील पँटमध्ये शर्ट खोचलेले. आबांनी चपला दाराबाहेर काढल्या. कुणीच काढल्या नव्हत्या. "राहू द्या पायात," असं दिपाली हळूच म्हणाली, पण तोवर ते अनवाणी रांगेत जाऊन उभे राहिले होते.

सांगायला वेळ भरपूर होता. रांग चांगली लांब होती. पण पुढं दिपालीच्या वर्गातली दोन पोरं होती, मागं एक पोरगी आणि तिची चष्मेवाली आई. चव्वेचाळीस म्हटलं की आबा मोठ्यानं "काय?" म्हणणार, हे तिला माहीत होतं. त्यांचा आवाज माळावरचा होता. म्हणून ती गप्प राहिली. खिडकीपाशी जाऊन सांगू, असं ठरवलं.

खिडकीत राजशेखर नावाचा कारकून होता. माणूस सरळ, कुणावर डाफरणारा नव्हे. त्यानं आकडा सांगितला. आबांनी बंडीच्या आतल्या खिशाकडं हात नेला, आणि नेतानेता थांबले. जन्माची सवय. कुणी आकडा सांगितला आणि ह्या माणसानं तो तसाच ऐकून घेतला, असं कधी झालंच नव्हतं.

"सायेब," ते म्हणाले, "लेकरांचं काम हाय. जरा बगा की."

असं म्हणून त्यांनी उपरणं हातावर टाकलं आणि तो झाकलेला हात खिडकीच्या भोकातून आत सरकवला. आता साहेबानं खालून हात द्यायचा, बोटं दाबायची आणि सौदा सुरू व्हायचा.

राजशेखर त्या झाकलेल्या हाताकडं बघतच राहिला. त्याला वाटलं, कापडाखाली काहीतरी द्यायला आणलंय. तो खुर्ची मागं ओढून म्हणाला, "ओ मामा, असलं काही नको इथं. कॅमेरे आहेत."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दोघंतिघं. वर्गातल्या एका पोरानं मोबाइल वर केला. चष्मेवाली बाई तोंडाला रुमाल लावून दुसरीकडं बघू लागली.

दिपालीला त्या क्षणी फक्त एवढंच हवं होतं की हे संपावं. चव्वेचाळीस हा आकडा तिच्या जिभेवर होता. तो बोलली असती तर आबांनी तिथल्या तिथं पैसे परत खिशात घातले असते आणि दोघं बाहेर पडली असती. पण बाहेर पडायचं म्हणजे त्या सगळ्या रांगेसमोरून पुन्हा चालत जायचं, आबा मोठमोठ्यानं बोलत, अनवाणी. ती आबांच्या कानाशी वाकली आणि दात आवळून म्हणाली, "आबा, हितं तसलं चालत न्हाय. गप पैसं भरा."

गप हा शब्द तिनं आबांना आयुष्यात पहिल्यांदा वापरला.

आबांनी हात काढून घेतला. उपरण्याची नीट चौघडी घातली आणि ती खांद्यावर ठेवली. मग बंडीतून नोटा काढून मोजून दिल्या. पावती घेतली, ती दिपालीच्या हातात दिली आणि कारकुनाला रामराम केला.

एसटी स्टँडवर पोचवायला ती गेली. रिक्षात आबा बाहेरची दुकानं बघत बसले. गाडी लागली तेव्हा ते म्हणाले, "जा तू. तास बुडंल तुजा." त्या दिवशी तास नव्हता, पण ती गेली.

दानेश्वरी संध्याकाळी फार भांडली. चौदा हजार पाण्यात घातलेस, असं म्हणाली, आणि मग रागानं दोन दिवस बोलली नाही. दिपालीनं सगळं ऐकून घेतलं. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे तिला कळत होतं. पण आत चाचपून बघितलं तर तिथं काहीच लागत नव्हतं, दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गालाला हात लावावा तसं. बुधवार आला. आज मेंढरं गाडीत चढली असतील, एवढं मनात आलं. मग ती मेसमध्ये जाऊन जेवली.

लॅपटॉप यायला गणपती उलटून गेले. दसऱ्याच्या तोंडावर आला. बॅगेवर विद्यापीठाचं बोधचिन्ह होतं. लॅपटॉप चांगला होता, उगाच खोटं कशाला बोला. विद्यापीठानं फसवलं असंही म्हणता येणार नाही, कारण नोटिशीत होतं ते सगळं मिळालं. फक्त दानेश्वरीचा लॅपटॉप जुलैतच आला होता, आणि तो तोच होता.

दिवाळीला दिपाली गावी गेली. लॅपटॉप बघून आईनं त्यावर भंडारा वाहिला. सृष्टीनं त्यात तोंड घातलं ते बाहेर काढेना. आबांनी लांबून पाहिलं. "हात लावू का?" असं विचारून त्यांनी झाकणावर एक बोट फिरवलं आणि ते बंडीला पुसलं.

आणि इथूनच ते सुरू झालं. सुरू कधी झालं हे खरं तर तिला ठाऊक होतं, पण दिसायला लागलं ते इथून. आबा तिच्याशी जनावरांच्या डॉक्टरशी बोलावं तसं बोलू लागले. अदबीनं आणि थोडकं. विहिरीची मोटार घ्यायची, दिपालीला इचारा. पावण्यांना काय उत्तर द्यायचं, दिपालीला इचारा. ती समोर असली की ते शेजाऱ्याशीही हळू बोलायचे. रविवारी ती म्हणाली, "आबा, मी येऊ बाजारात?" तर म्हणाले, "तुला कुटं उनात. आब्यास कर." आणि सृष्टीला घेऊन गेले. संध्याकाळी जीप दारात थांबली तेव्हा आबांचा हसण्याचा आवाज लांबून आला. कुणाचा तरी चेहरा कसा पडला त्याची गोष्ट चालली होती. दिपाली ओट्यावर येऊन उभी राहिली तशी गोष्ट थांबली.

तिनं स्वतःला सांगितलं की थकले असतील. आपली समजूत घालण्यात ती पटाईत होती.

पुढच्या वर्षी सृष्टी बारावी झाली आणि तिलाही सोलापुरात प्रवेश मिळाला. दुसरं कॉलेज, पण विषय तोच. एक दिवस सगळे जेवायला बसलेले असताना आबा म्हणाले, "हिला बी लागंल की मग कंप्युटर. विद्यापीठामार्फतच घिऊ. बाहीर कुनाचा काय भरवसा."

सृष्टी मोबाइलमध्ये डोकं घालून जेवत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "आबा, आक्काचा हाय न्हवं, तसलाच्या तसला तवा बाहीर चव्वेचाळीसला हुता. हितं लिवलंय. आपुन चौदा हजार जास्त दिलं."

आईच्या हातातली भाकरी हातातच राहिली. आबांनी दिपालीकडं पाहिलं.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय," दिपाली म्हणाली.

"कवापसनं?"

"पैसं भरायच्या आदी."

आता आबा ओरडतील, ताट सरकवतील, असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर तिला ते हवं होतं. वर्षभर ती ह्याचीच वाट बघत होती. आबांनी आमटीत भाकरी कुस्करली आणि दोन घास खाल्ले.

"आसंल," ते म्हणाले. "शिकल्याली मानसं कायतरी बगूनच करत्यात."

टोमणा असता तर बरं झालं असतं. पण आबा ते मनापासून म्हणाले होते. दिपालीनं ताटात हात धुतला. पोट भरलं, असं आईला सांगितलं.

जूनमध्ये सृष्टीची सहा मेंढरं विकली. एक मादी ठेवायचीच, असं सृष्टीनं भांडून मिळवलं. तिला भांडता येत होतं. आबा, सृष्टी आणि दिपाली अशी तिघं नवी पेठेतल्या त्याच दुकानात आली, जिथून दानेश्वरीनं लॅपटॉप घेतला होता. दिपालीनंच आणलं. दुकानदार घासाघीस करतो, हे तिनं दानेश्वरीला विचारून घेतलं होतं. सांगतो अठ्ठेचाळीस, येतो चव्वेचाळीसवर. म्हणजे आबांचंच दुकान. इथं त्यांनी उपरणं काढावं, दोन तास बसावं, शपथा घालाव्यात, उठून जावं, परत यावं. सगळं दुकान बघू दे. ह्या एका गोष्टीसाठी ती वर्षात पहिल्यांदा काहीतरी मनात धरून बसली होती.

दुकानात काचेचं दार होतं. आत चारपाच गिऱ्हाइकं होती, सगळी कॉलेजची. आबा दारापर्यंत आले आणि थांबले. बंडीतून नोटांचं पुडकं काढलं आणि दिपालीच्या हातात दिलं.

"तू बोल. मी हितंच हाय."

"आबा, तुमी आत चला की," दिपाली म्हणाली. "भाव करायचाय. तुमच्याबिगर कोन करनार?"

"नगं. मानसं हायती आत."

त्यांनी ते अगदी साधेपणानं सांगितलं, चिखल आहे, पाय जपून टाक, असं सांगावं तसं. मग ते पायरीच्या कडेला सरकले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाट करून दिली. सृष्टी त्यांचा हात ओढू लागली. "आबा, चला की, आसं काय करताय," असं ती म्हणत राहिली, पण ते हलले नाहीत.

दिपाली एकटी आत गेली. दुकानदारानं लॅपटॉप दाखवला आणि अठ्ठेचाळीस सांगितले. ती दाराकडं बघू लागली. दुकानदारही काचेतून बाहेर बघत म्हणाला, "ते तुमच्याबरोबर आहेत का?"

गिऱ्हाइकांनीही बाहेर पाहिलं. आबा दुकानाकडं पाठ करून उभे होते, कुणालाही वाटावं की ते दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघतायत.

"आमचं वडील हायती," दिपाली म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मेंढरं इकून आल्यात. पैसं त्येंचं हायती. तुमाला भाव काय करायचा तो त्येंच्याशी करा. त्ये आत येत न्हाईत. तुमाला भाईर जावं लागंल."

दुकानदार धंद्यात मुरलेला होता. त्यानं क्षणभर तिच्याकडं पाहिलं आणि काउंटरमागून निघून बाहेर गेला. काचेतून दिसत होतं. त्यानं आबांना नमस्कार केला, काहीतरी विचारलं. सृष्टीनं आबांच्या खांद्यावरचं उपरणं ओढून त्यांच्या हातात दिलं. आबांनी ते पुन्हा खांद्यावर ठेवलं. दोन वाक्यं बोलले आणि आत बोट दाखवलं.

दुकानदार परत आला.

"ते म्हणतात, पोरगी म्हणेल तो भाव," तो म्हणाला. "मग, किती द्यायचे म्हणता?"

दिपालीनं पुडकं काउंटरवर ठेवलं. लहानपणी पाठ झालेलं सगळं, शपथा, उठून जाणं, पुन्हा येऊन बसणं, सगळं तिला येत होतं. पण त्यातलं काहीही आत्ता तिच्या अंगात येईना.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली.

"चालेल," दुकानदार म्हणाला, आणि खोकं काढायला मागं वळला. सरगरांच्या घराण्यात इतक्या झटपट सौदा कुणी केला नव्हता. सृष्टी आत आली, तिनं खोकं उघडून बघितलं, बिलावर स्वतःचं नाव घातलं. दिपाली नोटा मोजत होती. बाहेर ऊन वाढलं होतं आणि आबांनी सावलीला सरकायला हवं होतं, पण सावली दुकानाच्या दारात होती, म्हणून ते उन्हातच उभे होते.